कासवाची भूमिती : आवर्तनातून आकृती घडवण्याच्या अध्यापनाचा इतिहास

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यासमोर पहिल्या काही तासांतच एक विशिष्ट पाठ येतो. पडद्यावरील एका खुणेने ठरावीक अंतर सरळ जावे, ठरावीक अंशांतून वळावे आणि ही जोडी चार, पाच किंवा छत्तीस वेळा घडून त्यातून चौरस, पंचकोन किंवा चक्राकार नक्षी उमटावी, असे त्याचे स्वरूप असते. एखादी कृती ठरावीक वेळा किंवा एखादी अट पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा करवून घेणाऱ्या रचनेला लूप, म्हणजेच आवर्तन, म्हणतात आणि ते शिकवण्यासाठी ही नक्षी आज जगभर वापरली जाते. हा पाठ इतका रूढ झाला आहे की तो संगणकाइतकाच जुना असावा असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, मुलांच्या शिकण्याविषयीच्या एका निश्चित विचारातून जन्मला. लहानसा नियम दिला असता त्यातून कोणती आकृती निघेल याचा अंदाज विद्यार्थ्याने बांधावा, निघालेली आकृती पाहावी आणि अंदाज चुकला तर चूक नियमात कोठे आहे ते स्वतः शोधावे, हा त्या विचाराचा गाभा होता. पुढच्या अर्धशतकात आकृत्या सर्वत्र पोहोचल्या. गाभा मात्र प्रत्येक ठिकाणी त्यांच्याबरोबर पोहोचला असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच या पाठाचा इतिहास शिक्षणाच्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

‘कासव’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फिरत्या खुणेच्या आधीची परिस्थिती पाहिल्याशिवाय तिचे नावीन्य ध्यानात येत नाही. १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठी बेसिक ही भाषा सिद्ध केली आणि तिच्यातील ‘फॉर’ व ‘नेक्स्ट’ या आज्ञांनी आवर्तन नवशिक्यांच्या आवाक्यात आणले. परंतु त्या काळचा विद्यार्थी ज्या यंत्रावर काम करी ते टेलिटाइप होते. कागदाच्या गुंडाळीवर अक्षरे आणि अंक उमटवणे एवढेच त्याला शक्य होते. अशा यंत्रावर आवर्तनाचे दृश्य रूप म्हणजे अक्षरांची मांडणी : पहिल्या ओळीत एक तारका, दुसरीत दोन, तिसरीत तीन, आणि अखेरीस तारकांचा त्रिकोण. यासाठी एका आवर्तनाच्या पोटात दुसरे आवर्तन ठेवावे लागते. बाहेरचे ओळी मोजते, आतले त्या ओळीतील तारका. पडदे रंगीत झाल्यावरही हा पाठ टिकून राहिला आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांत सी भाषेचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या पिढ्यांना तारकांचे त्रिकोण व पिरॅमिड छापण्याची उदाहरणे चांगली परिचित आहेत. ओळी आणि स्तंभ यांचा हिशेब त्यातून पक्का होतो; पण दिशा, कोन आणि वळण या कल्पनांना त्या मांडणीत जागाच नसते.

रेषा काढणारी यंत्रे त्या काळी अस्तित्वात होती, पण ती महाग होती आणि तज्ज्ञांच्याच हाती होती. १९६५ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे गेऑर्ग नेस यांनी संगणकाने काढलेली चित्रे प्रदर्शनात मांडली. त्यांच्या ‘शॉटर’ या प्रसिद्ध रचनेत बारा स्तंभ आणि बावीस ओळींत चौरस मांडलेले असून वरून खाली येताना प्रत्येक चौरस अधिकाधिक कलंडत आणि जागा सोडत जातो. आवर्तन आणि यादृच्छिक संख्या यांच्या मेळातून काय साधता येते याचा तो उत्कृष्ट नमुना आहे. मात्र अशा चित्रासाठी प्रत्येक बिंदूचे स्थान निर्देशक भूमितीच्या पद्धतीने, म्हणजे दोन अक्षांपासूनची अंतरे देऊन, सांगावे लागे. या पद्धतीने सुसम पंचकोन काढायचा तर ७२ अंशांच्या पटींची साइन व कोसाइन गुणोत्तरे लागतात, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्रिकोणमिती येत नसते. त्यामुळे आवर्तन समजण्याची कुवत असूनही भूमितीच्या आवर्तनाचे दार मुलांसाठी बंदच राहिले होते.

ते दार लोगो या भाषेने उघडले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संशोधनसंस्थेत १९६७ मध्ये वॉली फ्युर्झाइग, सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांसाठी ही भाषा रचली. पॅपर्ट यांचा जन्म १९२८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला होता. ते गणितज्ञ होते आणि एमआयटीत येण्यापूर्वी त्यांनी जिनिव्हामध्ये झाँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षे काम केले होते. मूल ज्ञान बाहेरून स्वीकारत नाही, तर आपल्या कृतीतून ते रचत जाते, हा पियाजे यांचा सिद्धान्त त्यांनी आत्मसात केला आणि त्याला एक जोड दिली : रचनेसाठी साधन लागते, आणि समाजाने मुलांच्या हाती योग्य साधने दिली तर अमूर्त समजल्या जाणाऱ्या कल्पनाही त्यांना लवकर गवसतात.

आरंभीच्या लोगोत चित्रकला नव्हती हे लक्षात घेतले पाहिजे. लिस्प या भाषेवर आधारलेल्या या भाषेत मुले शब्द आणि वाक्ये यांच्यावर क्रिया करीत. १९६८-६९ मध्ये लेक्सिंग्टन येथील मझी ज्युनिअर हायस्कूलमधील सातवीच्या वर्गाला ती याच रूपात शिकवली गेली. कासवाचा प्रवेश त्यानंतर, १९६९-७० च्या सुमारास झाला. त्याला एक पूर्वज होता. ब्रिस्टल येथील मज्जासंस्थेचे अभ्यासक विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रकाशाकडे आपोआप सरकणारी, चाकांवर चालणारी दोन लहान यंत्रे बनवली होती आणि त्यांना कासवे म्हटले होते. लोगोचे कासव त्याच नावाने ओळखले गेले, पण त्याचे काम वेगळे होते. संगणकाला तारेने जोडलेले ते घुमटाकार यंत्र जमिनीवर अंथरलेल्या कागदावर फिरे, त्याच्या मध्यभागी उचलता-टेकवता येणारे पेन असे, आणि ‘फॉरवर्ड’ व ‘राइट’ अशा आज्ञांनुसार ते पुढे जाई किंवा वळे. लवकरच पडद्यावरचे कासव आले, ज्याचे शरीर एका लहानशा त्रिकोणाएवढे उरले. १९७१ मध्ये पॅपर्ट आणि सॉलोमन यांनी एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतून ‘ट्वेंटी थिंग्ज टू डू विथ अ कॉम्प्युटर’ हे टिपण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात कासवाकडून आकृत्या काढून घेण्याला ठळक स्थान मिळाले होते.

कासवाच्या भूमितीचे सैद्धान्तिक वैशिष्ट्य असे की तिच्यात कागदाला आरंभबिंदू नसतो आणि अक्षही नसतात. कोणत्याही क्षणी कासवाविषयी दोनच गोष्टी सांगाव्या लागतात, ते कोठे आहे आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे. या जोडीला कासवाची अवस्था म्हणतात आणि प्रत्येक आज्ञा त्या अवस्थेत, सध्याच्या अवस्थेच्या संदर्भातच, बदल करते. ‘शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ’ ही जोडी चारदा केली की चौरस होतो आणि त्यासाठी चौरसाच्या कोणत्याही कोपऱ्याचा निर्देशक ठाऊक असावा लागत नाही. लोगोच्या नंतरच्या रूपांत हेच ‘रिपीट ४ [फॉरवर्ड १०० राइट ९०]’ असे एका ओळीत लिहिले जाते. पॅपर्ट यांच्या मते या पद्धतीचे खरे बळ असे की मूल स्वतः कासव होऊन जमिनीवर चालू शकते. काय आज्ञा द्यावी हे सुचेना तर चालून पाहावे आणि पायांनी काय केले ते शब्दांत मांडावे, असा सल्ला शिक्षक देत असे. भूमितीचे ज्ञान अशा रीतीने शरीराच्या परिचित हालचालींशी जोडले जाई.

या पाठातील सर्वांत फलदायी प्रसंग चूक होण्याचा असतो. समभुज त्रिकोण काढू पाहणारे मूल शाळेत शिकल्याप्रमाणे कोन ६० अंशांचा देते आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी षट्कोनाची सुरुवात दिसू लागते. कारण असे की पुस्तकातील ६० अंश हा आकृतीच्या आतला कोन आहे, तर कासव वळते ते आपल्या पुढच्या दिशेपासून, म्हणजे बाह्यकोनातून, आणि तो १२० अंशांचा आहे. त्रिकोणासाठी तीन वेळा १२०, चौरसासाठी चार वेळा ९०, षट्कोनासाठी सहा वेळा ६०. या तिन्हींची बेरीज ३६० येते हे मुलाच्या ध्यानात आले की एक प्रमेय त्याच्या हाती लागते : जे कासव स्वतःची वाट न ओलांडता फिरून मूळ जागी मूळ दिशेला तोंड करून परत येते, त्याने एकूण ३६० अंशांचे वळण घेतलेले असते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते हे पाठ केलेले विधान त्रिकोणापुरतेच लागू पडते; हे प्रमेय मात्र कितीही बाजूंच्या बहुभुजाकृतीला लागू पडते आणि वर्तुळापर्यंत जाऊन पोहोचते. एक पाऊल पुढे आणि एक अंश उजवीकडे ही जोडी ३६० वेळा केली की डोळ्याला वर्तुळच दिसते, ज्याची त्रिज्या सुमारे ५७ पावलांची असते. वर्तुळ म्हणजे सतत सारख्या प्रमाणात वळत जाणे ही व्याख्या वक्रतेच्या संकल्पनेची, म्हणजे वाट प्रत्येक पावलाला किती वळते याच्या मापाची, पहिली पायरी आहे आणि कलनशास्त्र शिकण्याच्या कितीतरी आधी ती मुलाला चढता येते.

या विचाराचा तात्त्विक ऊहापोह पॅपर्ट यांच्या १९८० मधील ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात आला, तर गणिती विस्तार हॅरॉल्ड अबेल्सन आणि आंद्रेआ डिसेसा यांच्या ‘टर्टल जॉमेट्री’ या ग्रंथात झाला. अबेल्सन आणि डिसेसा यांच्या विवेचनात ‘पॉली’ नावाची एक प्रक्रिया मध्यवर्ती आहे. तिला बाजू आणि कोन अशा दोन राशी दिल्या की ती बाजूइतके पुढे जाते, कोनाइतकी वळते आणि पुन्हा स्वतःलाच बोलावते. स्वतःच्या व्याख्येत स्वतःचाच उपयोग करण्याच्या या रीतीला रिकर्शन म्हणतात आणि येथे ती न थांबणाऱ्या आवर्तनाचे काम करते. कोन ७२ दिला तर पंचकोन निघतो, पण तो दुप्पट करून १४४ केला तर पाच टोकांचा तारा निघतो. ४० अंशांना नवकोन मिळतो, आणि ८० व १६० अंशांनाही शिरोबिंदू नऊच राहतात, फक्त आकृती ताऱ्याची होते. या विविधतेमागचा नियम शाळेतील अंकगणिताचाच आहे : दिलेला कोन आणि ३६० यांचा मसावि काढून त्याने ३६० ला भागले की शिरोबिंदूंची संख्या मिळते, आणि त्यांचा लसावि म्हणजे आकृती पूर्ण होईपर्यंत कासवाने घेतलेले एकूण वळण. १४४ आणि ३६० यांचा मसावि ७२ आहे, म्हणून शिरोबिंदू पाच. लसावि ७२० आहे, म्हणून कासव स्वतःभोवती दोनदा फिरते. सात अंशांचा मसावि १ येतो, म्हणून ती आकृती ३६० बाजूंनंतरच मिटते. पूर्णांक अंशांचा कोणताही कोन घेतला तरी याहून अधिक बाजू लागत नाहीत. प्रत्येक फेरीत बाजू थोडी वाढवत नेली तर आकृती मिटतच नाही आणि सर्पिल तयार होते. तेथे कोन ९० ऐवजी ९१ केला तर सरळ उभी चौरसाकृती वेटोळी हळूहळू पीळ घेऊ लागते. एका अंशाच्या फरकाने रूप पालटते हे पाहणाऱ्या मुलाला मसावि-लसावि हा परीक्षेपुरता विषय राहत नाही.

१९८० च्या दशकात स्वस्त सूक्ष्मसंगणक घराघरांत व शाळांत आले आणि प्रयोगशाळेतील ही भाषा त्यांच्याबरोबर पसरली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि अॅपल यांच्या यंत्रांवर लोगोच्या आवृत्त्या निघाल्या. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो विद्यापीठात आधीपासून शाळांतील प्रयोग चालू होते, आणि पुढे कोस्टा रिकासारख्या लहान देशाने १९८८ पासून लोगोवर आधारित राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. भारतात १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला आणि त्यात ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक वापरले गेले. या यंत्रावरील बेसिक भाषेत ‘मूव्ह’ आणि ‘ड्रॉ’ या आज्ञांनी रेषा काढता येत, परंतु त्या निर्देशकांवर चालणाऱ्या होत्या. चौरस काढण्यासाठी कोपऱ्यांचे अंक द्यावे लागत आणि वर्तुळासाठी साइन-कोसाइनचा आश्रय घ्यावा लागे. नक्षी दोन्ही मार्गांनी तीच निघाली तरी शिकणाऱ्याच्या मनातील प्रश्न वेगळा असतो : एका मार्गाने तो ‘तो बिंदू कोठे आहे’ असे विचारतो, दुसऱ्याने ‘आता किती वळायचे’ असे.

प्रसाराबरोबर टीकाही आली, आणि ती गांभीर्याने घेण्याजोगी होती. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास केलेल्या अभ्यासांत, लोगो शिकलेली मुले कामाचे नियोजन करण्याच्या सर्वसाधारण कौशल्यात इतर मुलांहून सरस ठरल्याचे आढळले नाही. पॅपर्ट यांनी या टीकेला उत्तर देताना असा आक्षेप घेतला की भाषा ही औषधाच्या मात्रेप्रमाणे देऊन तिचा परिणाम मोजता येत नाही. तिच्याभोवती वर्गात कोणती संस्कृती उभी राहते यावर फळ अवलंबून असते. पुढे डग्लस क्लेमेंट्स आणि मायकेल बॅटिस्टा यांच्या संशोधनातून असे दिसून आले की कोन आणि आकार यांच्या आकलनात लोगोमुळे प्रगती होते, पण त्यासाठी कासवाची कृती आणि भूमितीची संकल्पना यांतील दुवा शिक्षकाने जाणीवपूर्वक जोडून द्यावा लागतो. दोन्ही बाजूंचे निष्कर्ष एकत्र वाचले तर एक गोष्ट स्पष्ट होते : आकृती स्वतः काही शिकवत नाही; तिच्याविषयी कोणता प्रश्न विचारला जातो त्यावर सारे ठरते.

याच काळात कासव वर्गाबाहेर पडून गणितसंशोधनाच्या एका निराळ्या प्रवाहाला मिळाले, आणि त्या संगमाला भारतीय संदर्भ आहे. तमिळनाडूत स्त्रिया दारासमोर पिठाने जे कोलम काढतात, त्यातील एका प्रकारात महाराष्ट्रातील ठिपक्यांच्या रांगोळीप्रमाणे आधी ठिपके मांडून मग त्यांच्याभोवती वळणे घेत जाणारी रेषा ओढली जाते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमचे वर्णन करणारी औपचारिक व्याकरणे मांडली. येथे व्याकरण म्हणजे लहान खुणांपासून मोठी रचना घडवणाऱ्या नियमांचा संच. तिकडे जीवशास्त्रज्ञ अरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ मध्ये वनस्पतींची वाढ वर्णन करण्यासाठी, प्रत्येक टप्प्यावर सर्व चिन्हांच्या जागी एकदम नवी चिन्हे ठेवणारी पद्धत दिली होती. प्रझेमिस्लॉव प्रुसिंकिएविच यांनी १९८६ मध्ये या चिन्हमालिकेला कासवाच्या आज्ञा मानले. एक चिन्ह म्हणजे पुढे जा, दुसरे म्हणजे डावीकडे वळ, तिसरे म्हणजे उजवीकडे. गिफ्ट सिरोमनी यांच्या स्मरणार्थ १९८९ मध्ये निघालेल्या ग्रंथात प्रुसिंकिएविच आणि त्यांच्या भारतीय सहलेखकांनी याच रीतीने दक्षिण भारतीय लोककलेतील आकृत्या संगणकाकडून काढून दाखवल्या. कोलम काढणारा हात वळणांचा जो क्रम स्मरणात ठेवतो, तो आज्ञांच्या क्रमासारखाच मांडता येतो, हे त्या कामातून सिद्ध झाले.

लोगोचा वापर कालांतराने ओसरला, पण कासव एका भाषेतून दुसरीत जात राहिले. एमआयटीतून २००७ मध्ये निघालेल्या स्क्रॅच या भाषेत शब्द टंकण्याऐवजी रंगीत ठोकळे जोडावे लागतात, तरी चालणे, वळणे आणि पेन टेकवणे ही कासवाचीच कृती तेथे आहे. पायथन भाषेच्या २००८ मधील २.६ या आवृत्तीपासून व्हिएन्नाचे ग्रेगोर लिंगल यांनी लिहिलेले विस्तृत कासव-मोड्यूल तिच्याबरोबरच मिळू लागले. त्याच्या माहितीपुस्तिकेतील एका छोट्या उदाहरणात कासव २०० पावले जाते, १७० अंश डावीकडे वळते आणि आरंभबिंदूच्या अगदी जवळ आल्यावर थांबते. मसाविचा नियम लावला तर १७० आणि ३६० यांच्यासाठी १० हा आकडा येतो, म्हणून तारा छत्तीस टोकांचा होतो आणि कासव सतरा फेऱ्या घेते. पण प्रोग्रॅममध्ये छत्तीस हा आकडा कोठेही लिहिलेला नाही. आवर्तन मोजणीवर न थांबता अटीवर थांबते, आणि अट ‘आरंभबिंदूवर’ अशी न ठेवता ‘आरंभबिंदूपासून एकाहून कमी अंतरावर’ अशी ठेवावी लागते, कारण दशांश अपूर्णांकांच्या गणनेत राहणाऱ्या सूक्ष्म त्रुटींमुळे कासव तंतोतंत मूळ बिंदूवर येईलच असे नाही. आवर्तनाचे दोन प्रकार आणि संगणकीय अंकगणिताची मर्यादा असे तीन धडे या चार-पाच ओळींत सामावले आहेत.

महाराष्ट्रात या परंपरेचे विचारपूर्वक केलेले उपयोजन मुंबईच्या आयआयटीत आढळते. तेथील संगणकशास्त्राचे प्राध्यापक अभिराम रानडे यांनी सी++ भाषेच्या पहिल्या अभ्यासक्रमासाठी सिंपलसीपीपी हे साहाय्यक साधन आणि त्यावर आधारित पाठ्यपुस्तक तयार केले, ज्याच्या पहिल्याच प्रकरणात विद्यार्थी कासवाकडून बहुभुजाकृती काढून घेतो. सी++ मध्ये ‘रिपीट’ ही आज्ञा मुळात नाही. ती या साधनाने पुरवली आहे, जेणेकरून चल, अट आणि मोजणीचे चिन्ह यांच्या लेखनात अडकण्यापूर्वी आवर्तनाची कल्पना आकृतीच्या रूपाने मनात बसावी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मुलांचे खेळणे देण्यात कमीपणा नाही, उलट त्याला ठाऊक असलेली भूमिती आणि त्याला अनोळखी असलेली आज्ञावली यांच्यातील तो सर्वांत जवळचा पूल आहे, हे या योजनेमागचे तत्त्व लोगोच्या जन्मकथेशी थेट जुळते.

या सर्व इतिहासातून जो निष्कर्ष निघतो तो अध्यापनाच्या क्रमाविषयीचा आहे. ‘३६० ला बाजूंच्या संख्येने भागा’ हे सूत्र फळ्यावर लिहून मग आवर्तन टंकायला लावले, तर आकृती बरोबर येते, पण तिने दिलेले उत्तर विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे नसते, आणि चुकीला वाव न उरल्याने तपासण्यासारखेही काही उरत नाही. उलट कोन आधी देऊन ‘आकृती केव्हा मिटेल आणि किती टोके येतील’ असे विचारले, तर विद्यार्थ्याला अंदाज करावा लागतो, अपेक्षा आणि पडदा यांची तुलना करावी लागते आणि नियम शब्दांत बांधावा लागतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आयुष्यभर करावे लागणारे काम नेमके हेच आहे. कासवाची भूमिती यंत्रांच्या आणि भाषांच्या अनेक पिढ्या बदलूनही टिकून राहिली ती तिच्या नक्षीच्या मोहकतेमुळे कमी आणि तिच्यात चूक लपून राहत नाही या गुणामुळे अधिक. तो गुण जपायचा असेल तर तयार आकृत्यांची यादी देण्यापेक्षा अनपेक्षित कोन देणारा शिक्षक आणि विद्यार्थ्याच्या चुकलेल्या त्रिकोणासाठी राखून ठेवलेला पुरेसा वेळ या दोन गोष्टी अभ्यासक्रमात असल्या पाहिजेत.